पहिल्या फर्म्यात न आलेला माणूस

पोलिच्का,
रविवार, २० ऑक्टोबर १९७४

प्रिय व्लास्तीक,

कसा आहेस? तिकडे देचिनला नदीवर धुकं सुरू झालं असेल, छाती सांभाळ. आम्ही इकडे ठीक आहोत. बटाटे तळघरात गेले, सफरचंदं यंदा बरी आली, आणि खिडक्यांच्या फटींत कापूस भरायचं काम ह्या आठवड्यात उरकून टाकीन.

माझं अक्षर पाहून तू पाकीट दोनदा उलटंपालटं केलं असशील. घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. बरोबर जे पार्सल आहे ते आधी उघड आणि मग पुढं वाच.

उघडलंस? हो, तोच. कमिसार झाविश. इतक्या वर्षांनी आपल्या लेखकमहाशयांना जाग आली आणि झाविशचं नवं पुस्तक निघालं, 'गोठलेली गिरणी'. गुरुवारी दुकानात नवी पुस्तकं येतात म्हणून मी सकाळीच रांगेत जाऊन उभी राहिले. माझ्या मागच्या बाईला मिळालं ते शेवटचं. काउंटरवरची पोरगी मला म्हणाली, "मावशी, खुनाबिनाचं आहे हे, झोप उडेल." मी म्हटलं, "बाळ, तू पाळण्यात होतीस तेव्हापासून माझी झोप हाच माणूस उडवतोय."

ओल्डाच्या डोळ्यांपुढं हल्ली ढग असतात. साखरेनं केलंय ते. म्हणून मी मोठ्यानं वाचते आणि तो ऐकतो. पायाला एक जखम झालीय, ती भरत येईल.

पुस्तक हातात दिल्यावर त्यानं काय केलं असेल, सांग. वाचून दाखव असं म्हणाला नाही. पाठीवरून अंगठा फिरवला, खणातला बारीक चाकू मागून घेतला आणि शेवटचा फर्मा, सोळाच्या सोळा पानं, बाकीच्या पुस्तकाला धक्का न लावता सोडवून काढला. नजर गेली, पण बोटं अजून बाइंडरचीच आहेत. तो फर्मा दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून त्यानं उशाशी ठेवला आणि म्हणाला, "सगळ्यांचे अंदाज आल्याशिवाय शिवायचा नाही." म्हणून तुझ्या प्रतीला शेवट नाही. पुस्तक सदोष आहे असं समजून दुकानात भांडायला जाऊ नकोस. मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्हा दोघा भावांना असंच एक पुस्तक उसवताना पाहिलं होतं, आणि आईला पत्र लिहिलं होतं की ह्या घरात पुस्तकं फाडून वाचतात.

तर गोष्ट अशी आहे. डोंगरातली गिरणी, बाहेर बर्फ, मालक डोक्यात गिरणीचा दांडा बसून धान्याच्या गाळ्यात मरून पडलेला. घरात त्याची बहीण, पुतण्या, गुरांचा डॉक्टर, हात मोडलेला शाळामास्तर आणि स्वयंपाकीण. झाविश येतो, बूट झटकतो, सूप मागतो. आपला झाविश. बाबांचं म्हणणं आठवत असेलच तुला: पहिल्या फर्म्यात जो आला नाही तो खुनी असू शकत नाही. इथं पाचही जण पहिल्या फर्म्यात आहेत, तेव्हा ह्यांच्यातूनच निवड.

खरं सांगायचं तर पुस्तक मला मध्येमध्ये सैल वाटलं. पूर्वी झाविश एका बटणावरून माणूस ओळखायचा. इथं तो नुसता खिडकीशी उभा राहतो. पण ओल्डा म्हणतो, म्हातारा शेवटी दाखवेल आपला हात.

आमचे अंदाज झाले. ओल्डा म्हणतो डॉक्टर, मी म्हणते बहीण. मग तो म्हणाला, "दोघांत काय मजा? दोन अंदाज म्हणजे भांडण. तीन असले की खेळ होतो."

तुझं नाव त्यानं घेतलं नाही. ह्या घरात ते घेतलं जात नाही, हे तुला ठाऊक आहे. पण तिसरा कोण, हे समजायला मला काही झाविश लागत नाही. म्हणून पुस्तक त्याला न सांगता तुला पाठवतेय. त्याला सांगितलंय की शेजारच्या ब्लाझकोवाबाईंना वाचायला दिलं.

तुझा अंदाज कळव. आणि जमलं तर, मृतांच्या दिवशी बाबांच्या कबरीवर मेणबत्ती लावायला तरी ये. जुन्या गोष्टीबद्दल मी काही लिहिणार नव्हते आणि लिहीत नाही. एवढंच म्हणते की ओल्डाला तुझी आठवण येते, आणि तो मेला तरी ते बोलून दाखवणार नाही.

'मेला तरी' हे सहज लिहून गेले. खोडत नाही, घरात दुसरा कागद नाही.

तुझी,
क्वेता


पोलिच्का,
रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय व्लास्तीक,

तुझं कार्ड मिळालं. बोटीचं चित्र छान आहे, आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय. इकडे पहिला बर्फ पडून विरघळलासुद्धा. मार्टिनच्या सणाला यंदा हंस केला नाही. दोघांसाठी एवढा मोठा पक्षी कोण भाजणार, आणि ओल्डाला चरबी चालत नाही. कोंबडीवर भागवलं. बाबांच्या कबरीवर तुझ्या नावाची मेणबत्ती मीच लावली.

कार्ड मी लपवणार होते. पण आपला पोस्टमन म्हणजे गावचा भोंगा. फाटकातूनच ओरडला, "ओल्डामामा, देचिनहून कार्ड आलंय." ओल्डा पलंगावर बसलेला. मला म्हणाला, "ब्लाझकोवाबाई देचिनला कधी गेल्या?"

मग काय, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेईल. नाही घेतलं. म्हणाला, "वाच." मी वाचलं: "मास्तर. नक्की. व्लास्तिमिल." त्यानं परत वाचायला लावलं.

"गाढव आहे," तो म्हणाला. "मास्तरचा हात मोडलाय, तो गिरणीचा दांडा उचलणार कसा? लहानपणापासून असाच. लेखक ज्याच्याकडे बोट दाखवतो त्यालाच जाऊन धरतो."

आणि हसला, व्लास्तीक. खांदे हलवून हसला. दिवसभर त्याचं चाललं होतं, मास्तर म्हणे, मास्तर. संध्याकाळी जखमेची पट्टी बदलताना तोंडातून अक्षर काढलं नाही त्यानं, एरवी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

"तू आणखी थोडा वेळ वाचत होतीस," मग म्हणाला. "खाली काही लिहिलंय?"

मी म्हटलं, "तब्येतीची चौकशी."

खाली तू काय लिहिलंस ते मला पाठ झालंय. "चर्चचं पुस्तक मी घेतलं नाही, एवढं त्याच्या तोंडून निघू दे, वहिनी, मी पहिल्या गाडीनं येईन. तोपर्यंत त्या घराचा उंबरा ओलांडणार नाही."

तू चुकीचं मागत नाहीयेस. जुन्या गोष्टीबद्दल लिहिणार नाही म्हटलं होतं, पण आता तूच विषय काढलास, तर मीही बोलून घेते. फादर मेलिखारांनी चर्चचं ते जुनं स्तोत्रांचं पुस्तक बाबांकडे बांधायला दिलं होतं, रंगीत अक्षरांचं, गावाला त्याचा केवढा अभिमान. ईस्टरच्या आधीचा आठवडा. बाबा ब्रनोला गेलेले. दुकानात ओल्डा, तू आणि मी. संध्याकाळी पाहतो तर दाबाखाली पुस्तक नाही. बाबांनी त्यानंतर चर्चमध्ये जाणं सोडलं, कारण कुणी काही म्हणत नव्हतं आणि सगळे बघत होते.

तेव्हा ओल्डानं झाविशसारखं बसून कोडं सोडवलं. "बाबा गावात नव्हते. मी घेतलं नाही. क्वेता दिवसभर माझ्यासमोर शिवत बसली होती. उरला कोण?" आणि त्याच महिन्यात तू मोटरसायकल घेऊन आलास. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली. तू म्हणालास की पैसे साठवलेत, पण त्याचं गणित आधीच सुटलं होतं. ईस्टरच्या जेवणाला, आई, बाबा, पाहुणे सगळे बसलेले असताना त्यानं ते बोलून टाकलं. तू काटा खाली ठेवलास, कोट घेतलास आणि गेलास. आईनं तुझं ताट संध्याकाळपर्यंत उचललं नाही.

मी त्याला त्या रात्री म्हटलं होतं, व्लास्तीकनं हे केलेलं नाही. तो म्हणाला, "तो नाही, तर मग तू?" त्याच्या कोड्यात तिघंच होते. चोर सोडून संन्याशाला सुळी, अशातला प्रकार झाला, पण तो काही दुष्टपणानं वागला नाही. त्याला खरंच वाटत होतं की आपण बरोबर शोधलंय. दुष्टपणानं वागला असता तर कधीतरी त्याची त्याला लाज वाटली असती.

तुमच्या दोघांचंही सुंभ जळतंय पण पीळ जात नाही, आणि मी मधल्यामध्ये. तरीही विचारते, येशील का? अट सोड म्हणत नाही. नुसता स्टेशनवर ये, मी तुला तिथं भेटेन, डब्यात खसखस भरलेले गोड कोलाचे आणीन, आणि घरी यायचं का ते तू तिथं ठरव.

डॉक्टर आता एक दिवसाआड येतात. पायाचा अंगठा काळा पडलाय, ते वर सरकू नये म्हणून बघतायत. स्वितावीच्या इस्पितळात न्यायचं की नाही, ह्यावर मान हलवतात आणि विषय बदलतात. मीही बदलते.

शेवटचा फर्मा अजून तसाच उशाशी आहे. तिन्ही अंदाज आले, नियमानं आता उघडायला हरकत नाही. मी दोनदा म्हटलं. तो म्हणतो, थांबू थोडं. कशासाठी, ते मी विचारत नाही.

तुझी वाट बघणारी,
क्वेता


पोलिच्का,
रविवार, १५ डिसेंबर

प्रिय व्लास्तीक,

तार आणि काळ्या चौकटीचं कार्ड दोन्ही तुला मिळालं असणार. त्याबद्दल मी लगेच लिहीत नाही. आधी पुस्तकाचा शेवट सांगते, कारण तुझा अंदाज अजून अधांतरी आहे, आणि ओल्डानं तुला कळवायचं कबूल केलं होतं. मला क्रमानंच सांगता येईल.

इकडे हाडं गोठवणारी थंडी आहे. चौकात नाताळच्या माशांच्या टाक्या मांडल्यात. पीठ, लोणी, अक्रोड, सगळं मी आधीच आणून ठेवलं होतं. बिस्किटं केलेली नाहीत.

मिकुलाशच्या सणाच्या संध्याकाळी, पाच तारखेला गुरुवारी, बाहेर पोरं सैतान होऊन साखळ्या खुळखुळवत फिरत होती, तेव्हा ओल्डा एकदम म्हणाला, "आण तो फर्मा. वाचू या."

मी म्हटलं, "थांबायचं होतं ना?"

"तो येत नाही. आपण वाचू आणि त्याला कळवू. मास्तर नाही हे कळलं की चेहरा बघण्यासारखा होईल." मग केस विंचरून घेतले माझ्याकडून, उशी पाठीशी लावून ताठ बसला. गेल्या काही आठवड्यांत इतका ताठ बसला नव्हता.

आणि मी वाचायला लागले.

काय सांगू तुला. मास्तर नाही, डॉक्टर नाही, बहीणही नाही. झाविशनं बहिणीवर संशय घेतला होता, आठवतं, तुझ्या शेवटच्या पानावर तिला गाडीत बसवून नेतात? तिला दोन दिवस कोठडीत ठेवलं. आणि मग झाविश एका स्टेशनच्या उपाहारगृहात बसून वजडीचं सूप खातो, तर शेजारच्या टेबलावर दोन शिपाई बोलत असतात की अमुक गावात एका चाकूला धार लावणाऱ्यानं दारूच्या नशेत कबूल केलं, बर्फातून आसऱ्याला गिरणीत शिरलो, मालकानं हाकललं, मी दांडा घातला. झालं. हा धारवाला पुस्तकात कुठंही नाही. मी वाचता वाचता थांबले, मला वाटलं मीच एखादं पान गाळलं. बाहेर बर्फात एक अनोळखी पाऊल नाही, दारावर थाप नाही, काही नाही. लेखकाला शेवट सुचला नाही आणि त्यानं रस्त्यावरून कुणालातरी धरून आणलं. झाविश सूप संपवतो, टोपी घालतो आणि गाडी पकडतो. समाप्त.

ओल्डा असा चिडला की मला वाटलं ह्यातच जाईल. "ही फसवणूक आहे," म्हणाला. "पहिल्या फर्म्यात नाही, दुसऱ्यात नाही, एकदम शेवटी येतो आणि म्हणतो मी? मग आपण काय झक मारत होतो इतके दिवस? बाबा असते तर त्यांनी हे पुस्तक बांधायलाच घेतलं नसतं." लेखकाला पत्र लिही म्हणाला, मग म्हणाला, नको, म्हातारा झालाय तो, आपण तरी कुठं तरुण आहोत. फर्मा शिवायला त्यानं साफ नकार दिला.

शुक्रवारी त्यानं फर्मा हातातही घेतला नाही. मला वाटलं, अजून राग धरून बसलाय. त्याच्या हातून इतकी वर्षं ही पुस्तकं गेली, प्रत्येकाला त्यानं कापडी पाठ केली, सोनेरी अक्षरं उठवली, आणि शेवटचं हे असं निघावं, ह्याचं मलाही वाईट वाटत होतं.

शनिवारी दुपारी मी बटाट्याचं सूप केलं होतं, सुकवलेल्या अळंब्या घालून. दोन चमचे खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

"क्वेता, ती बहीण दोन दिवस कोठडीत होती ना?"

"होती."

"सुटल्यावर तिनं काय केलं?"

"पुस्तकात नाही ते."

"झाविश तिच्याकडे गेला नाही. चूक झाली म्हणायला."

"नाही गेला."

"मीही नाही गेलो," ओल्डा म्हणाला.

मी त्याला बोलू दिलं. म्हणाला, "त्या दिवशी कोळसेवाला आला होता. तुला आठवतं? पोती मागच्या अंगणात ओतून गेला. आणि मागची खिडकी उघडी होती, कारण खळ आंबली होती आणि मीच म्हटलं होतं, वास जाऊ दे. शाळेच्या वह्या न्यायला कुणीतरी आलं होतं, मी आत होतो, मला नुसती घंटी ऐकू आली. चर्चचं ते पुस्तक आपल्याकडे आलंय हे अख्ख्या गावाला माहीत होतं. मी ह्यातल्या कुणाचा विचारच केला नाही. का, तर ते माझ्या गोष्टीत नव्हते. माझ्या गोष्टीत आपण तिघंच. मग तिघांतून निवडायला काय लागतं?"

मी म्हटलं, "कोळसेवाल्यानं घेतलं असं तुला म्हणायचंय?"

"छे. परत तेच नको," म्हणाला. "कुणी घेतलं मला माहीत नाही. कधीच माहीत नव्हतं. माहीत नाही एवढं म्हणायला पाहिजे होतं, तेच मला जमलं नाही." आणि मग म्हणाला, "व्लास्तीकनं ते पुस्तक घेतलं नाही."

तुझं नाव घेतलं त्यानं. इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून ते ऐकलं, आणि सूप निवलं तरी मी तशीच बसून होते.

मग मी त्याला तुझ्या कार्डाच्या खालच्या ओळी सांगितल्या. लपवल्याबद्दल रागावला नाही. "एवढंच मागतोय तो?" म्हणाला. मी म्हटलं, एवढंच. "आणि तेवढ्यासाठी तो आईच्या अंत्यविधीला चर्चच्या मागच्या बाकावर बसून निघून गेला." तू आला होतास हे त्यानं पाहिलं होतं तर. मला कधी बोलला नव्हता.

मी म्हटलं, आत्ता लिहिते, संध्याकाळच्या टपालात टाकते. तर म्हणाला, "नको. हे दुसऱ्यानं कळवून चालत नाही. आरोप मी माझ्या तोंडानं केला, सगळ्यांदेखत. सोमवारी तो काम करतो त्या बंदराच्या कचेरीत फोन लाव. ब्लाझकोवाबाईंच्या घरी मला खुर्चीत घालून न्या, त्यांचा जावई उचलेल. मीच बोलेन."

रविवारभर तो वाक्य घोळवत होता. मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू येत होतं. "व्लास्तीक, मी ओल्डा बोलतोय." एवढं म्हणायचा आणि थांबायचा. पुन्हा पहिल्यापासून. मध्येच मला हाक मारून विचारलं, "तो फोन खाली ठेवेल का गं?" मी म्हटलं, ठेवणार नाही. "ठेवला तर परत लावू," म्हणाला.

सोमवारी सकाळी मी ताजे पाव आणायला गेले. दाढीचं पाणी त्याच्याजवळ ठेवलं होतं, म्हणाला, फोनवर दिसत नाही म्हणून काय झालं. परत आले तेव्हा अर्धी दाढी झाली होती आणि तो गेला होता.

पुढचं तुला तारेतून कळलं. गुरुवारी दफन झालं. बँड होता, थंडीनं त्यांची बोटं वाकत नव्हती, तरी वाजवलं बिचाऱ्यांनी. जेवणाला लोक बरेच आले. तुझी चौकशी दोघातिघांनी केली, मी म्हटलं, रस्ते बर्फानं बंद आहेत. तुझ्यावर राग नाही, खरंच नाही. तुझी अट पुरी झाली आहे हे तुला कुणी सांगितलंच नव्हतं. तार करताना माझ्या हातून ते लिहिलं गेलं नाही. पोस्टातली बाई शब्द मोजत होती आणि मला 'ओल्डा' पुढं काही सुचेना.

म्हणून आज लिहितेय. दुसऱ्यानं कळवून चालत नाही, असं तो म्हणाला होता. पण आता कळवायला दुसरंच माणूस उरलंय.

तू म्हणशील, वहिनी माणुसकीपोटी हे रचून सांगतेय, मेलेल्याचं चांगलं व्हावं आणि जिवंताचं समाधान व्हावं म्हणून. म्हणू शकतोस. खोलीत आम्ही दोघंच होतो. ब्लाझकोवाबाईंना इतकंच ठाऊक आहे की सोमवारी फोन वापरायचा होता, कुणाला आणि कशासाठी ते मी सांगितलं नव्हतं. त्याच्या हातची एक ओळ नाही, साक्षीदार नाही. मी कितीही शोधलं तरी तुझ्यापुढं ठेवायला माझ्याकडे काहीही नाही.

त्या ईस्टरला तुझ्याकडेही काही नव्हतं. तुझा नुसता शब्द होता, आणि तो ह्या घरानं घेतला नाही. आज माझ्याकडे नुसता माझा शब्द आहे.

तू तो घे.

तुझी वहिनी,
क्वेता